लॉच्या दारात पदवीचे मार्क

घोडपदेव, मुंबई

चि. सोनूस,

तुझ्या चिठ्ठीतल्या बाकीच्या प्रश्नांचं काम फोनवरही भागलं असतं, पण मार्कांच्या बाबतीत तू घाबरलेली दिसतेस म्हणून सविस्तर लिहितो. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रात बॅकलॉग राहिलाय, एकूण टक्के पन्नासच्या आसपास घुटमळतायत, आणि गावात कोणीतरी तुला सांगितलंय की फर्स्ट क्लास नसेल तर मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं नावही काढू नकोस. सांगणारा खोटारडा नाही. त्याची माहिती दहा वर्षं जुनी आहे, एवढंच.

2016 च्या आधी तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागायची. तेव्हा बी.ए.चा एकेक मार्क मोलाचा होता, आणि तुझ्यासारखीला मी दुसरं काहीतरी बघ म्हणालो असतो. 2016 पासून राज्याची सीईटी आली. आता कोणतं कॉलेज मिळणार हे सीईटीचा स्कोअर, तुझा प्रवर्ग आणि तू भरलेला पसंतीक्रम यांवर ठरतं. एका विद्यापीठाने सढळ हाताने दिलेले सत्तर आणि दुसऱ्याने हात आखडून दिलेले पंचावन्न एकाच यादीत बसवणं हा अन्यायच होता. तुझ्या जुन्नरच्या कॉलेजचा पेपर आणि इथल्या परळच्या कॉलेजचा पेपर कुठल्या तराजूत तोलणार? तरी खरं सांगतो, तीन वर्षांचं कॉलेज एकीकडे आणि दोन तासांची परीक्षा एकीकडे, त्यात परीक्षाच भारी, हेही मला पुरतं पटलेलं नाही. पण नियम आपण केलेला नाही. आणि या घडीला तो तुझ्या बाजूचा आहे.

पण म्हणून तुझ्या मैत्रिणी म्हणतात तसं ‘लॉला मार्क लागतच नाहीत’ असं धरून चालू नकोस. लागतात, पण उंबरठ्यापुरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेशिक्षणाचे नियम 2008 चे आहेत. त्यांनुसार खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान 45 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 40. आपल्या राज्यात ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना 42. म्हणजे तुला 42. त्याच नियमांत असंही म्हटलंय की एवढे टक्के पडले म्हणून प्रवेशावर हक्क सांगता येत नाही, पुढच्या रांगेत उभं राहता येतं, बस.

आता यातली मेख बघ. विद्यापीठात पास व्हायला चाळीस पुरतात. त्यामुळे चाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये अडकलेली पोरं दर वर्षी भेटतात. पदवी हातात असते, घरी पेढे वाटून झालेले असतात, सीईटीही बरी गेलेली असते, आणि कागद तपासताना अर्ज अपात्र ठरतो. तू त्या फटीत नाहीस. पण शेवटच्या सेमिस्टरला ‘आता फक्त सीईटी’ म्हणून बी.ए.कडे पाठ फिरवलीस, तर तिकडे सरकायला वेळ लागत नाही. तुमच्या मार्कशीटवर ग्रेड पॉइंट असतात आणि अर्जात टक्के मागतात. रूपांतर स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर करू नकोस. विद्यापीठाचं सूत्र काय आहे ते कॉलेजच्या ऑफिसात विचार आणि जमलं तर लेखी घे.

माझी खरी काळजी तुझ्या टक्क्यांची नाही, त्या बॅकलॉगची आहे. शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते. पण प्रवेशफेरीच्या वेळी पदवी पूर्ण झाल्याची मार्कशीट समोर ठेवावी लागते. एक विषय राहिला तर पंचाण्णव पर्सेंटाइलसुद्धा कागदावरच राहतो. बरं, विषय सुटला तरी निकाल वेळेवर लागेल याची खात्री कोण देणार? मुंबई विद्यापीठात 2017 साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा घाट घातला गेला आणि निकाल महिनोन् महिने रखडले. पुढच्या प्रवेशांसाठी मुलं निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. शेवटी त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं, पण त्याने कुणाचं गेलेलं वर्ष परत आलं नाही. तेव्हा अर्थशास्त्राचा तो पेपर या खेपेलाच काढ. सीईटीचा अभ्यास चार दिवस मागे पडला तरी चालेल.

सीईटीबद्दल फार सांगत नाही, तुझ्या हाताशी पुस्तकं आहेत. कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढंच असतं. प्रश्न मराठीतही दिसतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तुझं इंग्रजी कच्चं आहे, त्यासाठी रोज एक अग्रलेख मोठ्याने वाच.

आता कागद. तू बी.ए. केलंस म्हणून जात पडताळणीचं प्रमाणपत्र आजवर कोणी मागितलं नसेल. इथे मागतील. पुण्याच्या समितीकडे अर्ज आजच टाकायला दाजींना सांग. नात्यातला कोणाचा जुना दाखला लागेल, तो शोधण्यातच आठवडे जातात. नॉन-क्रीमी लेअरचा दाखलाही चालू वर्षाला लागू असलेलाच हवा. हे दोन कागद नसतील तर तू खुल्या प्रवर्गात ढकलली जाशील आणि बेचाळीसची सवलतही हातची जाईल. 

यात पैशांचीही गोष्ट आहे. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. कोणी ‘मॅनेजमेंट कोट्यातून लगेच करून देतो’ म्हणालं तर दाजींनी खिशात हात घालायचा नाही.

पसंतीक्रम भरताना गव्हर्नमेंट लॉ पहिलं टाक, भिऊ नकोस. 1855 सालचं कॉलेज आहे. 1935 मध्ये तिथे प्राचार्य होऊन आलेले बाबासाहेब त्याआधी कितीतरी वर्षं आपल्या इथून जवळच, परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्याखाली फोर्टातलं सिद्धार्थ आणि माटुंग्याचं न्यू लॉ टाक. माझ्या खोलीवरून कॉटन ग्रीनला चालत जायचं, हार्बरने सीएसएमटी, तिथून सिद्धार्थ पायी. मामीने तुझ्यासाठी पोटमाळा रिकामा करायला घेतलाच आहे.

दिल्लीचं विचारलं होतंस. दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला पन्नास टक्के आणि शिवाय सीयूईटी असते. अमेरिकेत जायचं खूळ तुझ्या डोक्यात नाही हे बरंय. तिकडे पदवीचा जीपीए आणि एलसॅट दोन्ही जोखतात, तिथे आपला हा बॅकलॉग जास्त बोचला असता.

एकदा लॉला बसलीस की मात्र बी.ए.ची मार्कशीट मागे पडते आणि एलएलबीची सुरू होते. बाहेर एलएलएमला जायचं, मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप मागायची, तर ती बघतात. न्यायाधीश व्हायची तुझी इच्छा मला माहीत आहे. कॉलेजातून निघून थेट न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसायची वाट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बंद केली. आता आधी तीन वर्षं वकिली करावी लागेल. मला यात वाईट काही दिसत नाही. पागडीच्या भांडणात आणि पुनर्विकासाच्या करारात सामान्य माणूस कसा भरडला जातो, हे भोईवाड्याच्या आणि लघुवाद कोर्टाच्या बाकड्यांवर बसून बघितलेली मुलगी न्यायासनावर बसलेली बरी.

पडताळणीच्या अर्जाची पोच आणि पाचव्या सेमिस्टरची मार्कशीट, दोन्हींचा फोटो येत्या रविवारपर्यंत मला पाठव. अर्थशास्त्राच्या फेरपरीक्षेची तारीख लागली की ती आधी कळव, मग बाकीचं बोलू.

तुझा,
मामा