विधिविषयक नियतकालिकासाठी लेखाची सिद्धता

न्यायालयाचा निर्णय पक्षकारांपुरता अंतिम ठरत असला, तरी विधिविचाराच्या दृष्टीने तो अंतिम नसतो. निर्णयामागील युक्तिवाद तपासणे, त्यातील विसंगती दाखवून देणे आणि कायद्याच्या पुढील वाटचालीची दिशा सुचविणे हे कार्य विधिविषयक नियतकालिके करीत असतात. इंग्लंडमध्ये 'लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू' १८८५ मध्ये आणि अमेरिकेत 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' १८८७ मध्ये सुरू झाले. भारतात 'मद्रास लॉ जर्नल' १८९१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९५६ मध्ये नवी दिल्ली येथे इंडियन लॉ इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली व १९५८ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. अशा नियतकालिकाकडे लेख पाठविण्यापूर्वी तो कसा सिद्ध करावा, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

लेखाचा आशय महत्त्वाचा आणि त्याचे बाह्यरूप गौण, असा समज नवोदित लेखकांमध्ये आढळतो. इतर काही विषयांत तो अंशतः खरा असेलही. विधिशास्त्रात मात्र आशय आणि आधार यांची फारकत करता येत नाही. एखादे विधान मान्य का करावे, याचे उत्तर त्या विधानाखालील तळटीपेत असते. तळटीप चुकली की वाचकाला मूळ आधारापर्यंत पोचता येत नाही. आणि आधारापर्यंत पोचता न आलेले विधान हे केवळ लेखकाचे मत उरते.

लेखनाचे सामर्थ्य : एक उदाहरण

नेमक्या लेखनाने काय साधते, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यावरील खुले पत्र होय. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये, पोलीस ठाण्यातच, एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले. आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. त्यानंतर एक वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा विधिअभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून पत्र लिहिले. 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निर्णयसंग्रहाच्या लेखविभागात ते छापले गेले.

या पत्रात संताप होता. तथापि त्याचे बळ संतापात नव्हते. न्यायालयाने स्वीकारलेली तथ्येच लेखकांनी पुढे ठेवली आणि 'संमती' व 'प्रतिकाराविना शरण जाणे' या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत, हा एकच मुद्दा निग्रहाने मांडला. स्त्रियांना पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर 'नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दाणी' या खटल्यात त्याच न्यायालयाने थोडक्याच काळापूर्वी कठोर टीका केली होती, याचेही स्मरण त्यांनी करून दिले. पुढे देशभर स्त्रीसंघटनांची चळवळ उभी राहिली. १९८० मध्ये विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल सादर केला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीतील बलात्कारासारख्या विवक्षित खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला असेल व आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले असेल, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा अधिनियमात कलम ११४-अ अन्वये करण्यात आली. हे श्रेय एकट्या पत्राचे नव्हे. परंतु चळवळीच्या हाती विधिदृष्ट्या अभेद्य असा युक्तिवाद देण्याचे काम त्याने निश्चितच केले.

विषय आणि प्रश्न

वरील उदाहरणावरून पहिला धडा घेता येतो. लेखाला विषय असून भागत नाही; त्याला प्रश्न असावा लागतो. 'घटनादुरुस्तीचा अधिकार' हा विषय झाला. त्यावर ग्रंथ लिहिता येईल, लेख नव्हे. 'केशवानंद भारती खटल्यात बहुमताचा नेमका निर्णयाधार कोणता?' हा प्रश्न झाला. त्याला उत्तर असू शकते, त्या उत्तराला विरोध होऊ शकतो, आणि विरोधाचा परामर्श घेता येतो.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने तो निर्णय दिला व एकूण अकरा स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. बहुमताचा सारांश म्हणून जे वेगळे निवेदन काढण्यात आले, त्यावर तेरांपैकी नऊच न्यायाधीशांनी स्वाक्षरी केली. अशा स्थितीत 'न्यायालयाने असे म्हटले आहे' हे वाक्य कोणताच बोध करून देत नाही. कोणत्या न्यायाधीशांनी, कोणत्या परिच्छेदात, बहुमताच्या बाजूने की अल्पमताच्या, हे सांगितले पाहिजे. लेखकाने प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. आणि तो तसा लिहिता येत नसेल, तर लेखनास आरंभ करू नये.

आधारांची पडताळणी

दुसरी पायरी आधारांची. येथे तीन प्रमाद वारंवार घडतात.

पहिला प्रमाद म्हणजे निष्प्रभ झालेला निर्णय प्रचलित समजून उद्धृत करणे. आणीबाणीच्या काळात जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला' या खटल्यात १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मताने ठरले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे मत एकट्याचे होते. २०१७ मध्ये 'पुट्टस्वामी' खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविला. आज त्या निर्णयाचा उल्लेख इतिहास म्हणून करता येतो, आधार म्हणून नाही. तसेच खन्ना यांचे मत उद्धृत करताना ते १९७६ मध्ये अल्पमत होते हे नमूद करणे आवश्यक आहे. अल्पमत हे न्यायालयाचे मत म्हणून पुढे करणे ही अप्रामाणिकता होय.

दुसरा प्रमाद म्हणजे कायद्याच्या कालमर्यादेकडे दुर्लक्ष करणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता न्याय संहितेत कलम १०३ झाले आहे. वर उल्लेखिलेले कलम ११४-अ साक्ष्य अधिनियमात कलम १२० म्हणून आले आहे. जुन्या निर्णयाची चर्चा करताना जुनेच कलम द्यावे व त्यापुढे नवे कलम सांगावे. केवळ नवे कलम घातल्यास निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांपुढे नसलेला कायदा त्यांच्या माथी मारल्यासारखे होते.

तिसरा प्रमाद सर्वांत घातक होय. तो म्हणजे न पाहिलेला निर्णय उद्धृत करणे. पूर्वी दुसऱ्याच्या तळटीपा उतरवून घेण्याने हा दोष शिरत असे. आता त्यात संगणकीय साधनांची भर पडली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयात काही वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निर्णय आधार म्हणून सादर केले. न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. नियतकालिकाचा संपादक दंड करीत नाही. पण अशा लेखकाचे नाव तो विसरतही नाही. जो निर्णय लेखकाने स्वतः वाचला, तोच तळटीपेत यावा. दुसऱ्या ग्रंथातून घेतलेला आधार असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

तळटीपांची पद्धती

निर्णयाचा संदर्भ देताना पक्षकारांची नावे, निर्णयसंग्रह, वर्ष, आवश्यक तेथे खंड, आणि आरंभीचे पृष्ठ इतके घटक यावे लागतात. उदाहरणार्थ : केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, ए. आय. आर. १९७३ एस. सी. १४६१, किंवा (१९७३) ४ एस. सी. सी. २२५. पहिला संदर्भ नागपूरहून प्रसिद्ध होणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चा, दुसरा 'सुप्रीम कोर्ट केसेस'चा. निर्णय एकच, परंतु पृष्ठे भिन्न. म्हणून विशिष्ट विधानाकडे निर्देश करताना पृष्ठाबरोबर परिच्छेदाचा क्रमांकही द्यावा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निर्णयांसाठी कोणत्याही प्रकाशकावर अवलंबून नसलेली क्रमांकपद्धती स्वीकारली. वर्ष, न्यायालयाची संक्षिप्त खूण आणि अनुक्रमांक अशी तिची रचना आहे. तो क्रमांक उपलब्ध असल्यास अवश्य नोंदवावा.

संग्रहाचे वर्ष आणि निर्णयाचे वर्ष एकच असते असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. तुकाराम खटल्याचा निर्णय १९७८ चा. पण तो ए. आय. आर. १९७९ एस. सी. १८५ येथे छापला आहे. केवळ संदर्भ पाहून 'सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरविले' असे लिहिणारा लेखक निकालपत्र उघडले नसल्याची जणू कबुलीच देतो.

लेखाचा संदर्भ देताना लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत, खंड, नियतकालिकाचे नाव, आरंभीचे पृष्ठ आणि कंसात वर्ष असा क्रम भारतात बराच रूढ आहे. जसे : सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस, "द राइट टू प्रायव्हसी", ४ हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १९३ (१८९०). अमेरिकेत 'ब्लूबुक' ही संदर्भपद्धती १९२६ पासून प्रचारात आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डची पद्धती विशेष प्रचलित आहे. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे स्वतःचे नियम आहेत. यांपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद लेखकाने घालू नये. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवावयाचा, त्याची पद्धती आद्यंत पाळावी. एकाच लेखात दोन पद्धतींची सरमिसळ होणे हे घाईचे लक्षण समजले जाते.

बाह्यरूप व प्रेषण

लेखाच्या आरंभी नेमके शीर्षक व संक्षिप्त सारांश असावा. सारांशात विषयाचा गौरव नको. प्रश्न, युक्तिवाद आणि निष्कर्ष एवढेच हवे. प्रकरणांना क्रमांक द्यावेत. दीर्घ अवतरण स्वतंत्र परिच्छेदात, समास सोडून घ्यावे. त्यातील एकही शब्द बदलू नये आणि काही गाळल्यास तशी खूण करावी. कायद्याच्या कलमाचे संपूर्ण पाठ उतरवून पृष्ठे भरू नयेत. ज्या शब्दांवर युक्तिवाद उभा आहे, तेवढेच द्यावेत.

अनेक नियतकालिकांत लेखकाचे नाव परीक्षकाला कळू दिले जात नाही. यास्तव नाव, संस्था व आभार हे वेगळ्या पृष्ठावर लिहावे, आणि संगणकावरील प्रतीच्या गुणधर्मांत राहिलेले नावही काढून टाकावे. स्वतःच्या पूर्वीच्या लेखाचा उल्लेख 'मी अन्यत्र दाखविल्याप्रमाणे' असा न करता तृतीय पुरुषी करावा. लैंगिक गुन्ह्यातील पीडित व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लेखात येऊ देऊ नये; १९८३ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरविला आणि न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती मनाई कायम आहे.

वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते व त्यापुढे दंडाच्या पायऱ्या चढत जातात. परंतु टक्केवारी हे प्रामाणिकपणाचे माप नव्हे. शब्द बदलून घेतलेला दुसऱ्याचा विचारही ऋणनिर्देशावाचून घेतला, तर ते चौर्यच होय. तसेच एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठविणे अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित नियतकालिकांत चालते. भारतात मात्र ते सहसा निषिद्ध आहे.

परीक्षकाचे अभिप्राय आल्यावर प्रत्येक आक्षेपाला क्रमाने उत्तर द्यावे. जो आक्षेप मान्य, तेथे केलेला बदल दाखवावा. जो अमान्य, तेथे कारण सांगावे. शेवटी मुद्रिते येतात. त्या वेळी नवे विचार घालण्याचा मोह आवरावा आणि केवळ आकडे तपासावेत : कलमांचे, पृष्ठांचे, वर्षांचे. दूरच्या गावातील एखादा वकील किंवा विद्यार्थी त्या आकड्यांवर विसंबून मूळ निर्णय शोधणार असतो. एक अंक चुकला, तर त्याच्या पक्षकाराची बाजू तेवढ्यापुरती उघडी पडते. विधिलेखनातील काटेकोरपणाचे खरे प्रयोजन हेच आहे.