पणजीची परीक्षा घेऊ नका

"आजी, ओळखलंस का याला? सांग बघू, कोण हा?"

शिमग्याला, दिवाळीला, मे महिन्याच्या सुट्टीत जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या पाड्यापाड्यांवर हा प्रश्न कानावर येतो. बोईसर, वसई, नाशिककडे कामाला गेलेली माणसं पोरांना घेऊन गावी येतात. एखाद्या पोराला म्हातारीपुढे उभं करतात आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात. जिला स्मृतिभ्रंश झालाय तिची नजर भिरभिरते. ती भलतंच नाव घेते. कुणी हसतं, कुणी उसासा टाकतं, आणि पोरगं आईच्या मागे दडतं. पुढच्या खेपेला आईबापच म्हणतात, "तिला काही कळत नाही, पोरंही घाबरतात, न्यायचं कशाला?"

आईबाबांनो, मला तुमच्याशी बोलायचंय ते एवढ्यासाठीच. पोरांना न्या. पण हा प्रश्न घरी ठेवून जा.

पणजीला पणतवंडाचं नाव सांगता येत नाही, म्हणून तिला त्याचं येणं पोचत नाही असं समजू नका. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या माणसांना आनंदाची आणि दुःखाची दृश्यं दाखवली होती. त्याचा निष्कर्ष २०१४ साली छापून आला. थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते सांगता येईना, पण मनातला आनंद किंवा उदासी टिकून होती. म्हणजे तुम्ही येऊन गेलात हे पणजी विसरेल, तरी मांडीवर पोर बसल्याचं बरं वाटणं काही वेळ तिच्याजवळ राहू शकतं. आणि "एवढंही आठवत नाही का गं तुला?" असं कुणी म्हणालं असेल, तर तो अपमानही राहू शकतो. का वाईट वाटतंय ते तिला सांगता येणार नाही, इतकंच.

परीक्षा घ्यायचीच तर ती डॉक्टरांना घेऊ द्या, आणि तीही तिला झेपेल अशी. कागदावरच्या चाचण्यांत तारीख, वार, वजाबाकी विचारतात; जिला कधी पाटी मिळाली नाही ती त्यात धडधाकट असतानाही अडेल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत संशोधकांनी न शिकलेल्या वृद्धांसाठी वेगळी चाचणी तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. "वय झालं की असंच व्हायचं" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खोल उदासी, ऐकू न येणं यांमुळेही माणूस विसरभोळं वाटतं, आणि यांवर उपचार आहेत. दोन दिवसांत एकाएकी बडबड, भ्रम सुरू झाला तर लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो. तेव्हा थांबू नका. जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात जाता येतं.

स्मृतिभ्रंश हा शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा आजार, असाही एक समज आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की आपल्याकडे साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांना तो आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आपल्या भागात तर अशी बाई रात्री उठून चालू लागली, नसलेल्या माणसांशी बोलू लागली, की भगताकडे जाणं होतं, आणि कधी तिच्याबद्दल नको ते कुजबुजलं जातं. ते शब्द तुमच्या पोरांच्या कानावर पडतात. पणजीला आजार आहे हे त्यांना तुमच्या तोंडून आधी कळलं, तर बाहेरची कुजबुज त्यांच्या मनात रुजत नाही.

तेव्हा निघण्याआधी सांगा. वाटेत जीपमध्ये सांगितलंत तरी चालेल. चार वर्षांच्या पोराला एवढं पुरे: "पणजीच्या डोक्याला आजार झालाय. ती तेच तेच विचारेल, आपण सांगायचं." सात-आठ वर्षांचं पोर पुढचं विचारतं. मलाही होईल का? खोकल्यासारखा लागतो का? ती माझ्यावर का ओरडली, मी काय केलं? यातला शेवटचा प्रश्न पुष्कळ मुलं तोंडाने विचारत नाहीत, मनात धरतात. म्हणून न विचारताच सांगून टाका, की हा आजार लागत नाही, आणि पणजी रागावली तरी त्यात तुझी चूक नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना भीतीपेक्षा लाज वाटते. त्यांच्या हातात मोबाइल असतो. पणजीची बडबड, तिचं सुटलेलं लुगडं यांचा व्हिडिओ काढून गटावर टाकणं हा खेळ नाही, हे त्यांना तिथल्या तिथे आणि ठाम शब्दांत सांगा. ज्या बाईने आयुष्यभर चार माणसांत मान राखला तिची ती बेअब्रू आहे.

आता जे सांगतोय ते जड आहे, पण इथल्या आईबापांना सांगायलाच हवं. या आजारात जवळचं आधी पुसतं आणि जुनं उशिरापर्यंत राहतं. पणजी कालचं जेवण विसरते, पण तरुणपणातलं माणूस तिच्यापुढे येऊन उभं राहतं. आणि आपल्या भागातल्या पणज्यांचं तरुणपण कसं होतं? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर बालकं गेली, तेव्हा बाहेरच्या जगाला जाग आली. पण त्याआधीही पाड्यापाड्यांवर तान्ही लेकरं मातीत गेलीच होती, त्यांची मोजदाद कुठेच नाही. अशी एखादी पणजी तुमच्या मुलीला जवळ ओढते, वेगळ्याच नावाने हाक मारते, "कुठं होतीस गं?" म्हणून रडते. घरातलं कुणी म्हणतं, "अगं, ती नाही ही, ती तर कधीच गेली." असं म्हणू नका. तिच्यासाठी ते मरण त्या क्षणी पुन्हा घडतं, आणि थोड्या वेळाने ती विसरते, पुन्हा शोधू लागते, तुम्ही पुन्हा सांगता.

मग मुलीने खोटं बोलायचं का? तशी गरज पडत नाही. तिने "मी आलेय, पणजी" म्हटलं तरी ते खरंच आहे. "ती कशी होती?" असं विचारलं तर पणजी सांगू लागेल, कदाचित घरात कुणालाच माहीत नसलेलं काही सांगेल. परतताना मुलीला खरं ते सांगा, की पणजीचं एक बाळ लहानपणी गेलं होतं, तुला पाहून तिला ते आठवलं. मुलांना हे सोसतं. न सांगितलेलं त्यांना जास्त घाबरवतं.

अशी माणसं बोलण्यात हरवतात, पण हातात सापडतात. वाल सोलणं, नाचणी निवडणं, पानांची पत्रावळ टाचणं ही कामं ज्या हातांनी जन्मभर केली, त्यांना ती बऱ्याचदा आजार पुष्कळ पुढे जाईपर्यंत येत राहतात. म्हणून समोर बसवून बोलायला लावण्याऐवजी मधे सूप ठेवा, एकीकडे पणजी, दुसरीकडे पोर. गाण्याचंही तसंच आहे. लग्नातली गाणी, तारप्याची चाल उशिरापर्यंत टिकते. लग्नं लावणाऱ्या धवलेरीला नातीचं नाव आठवलं नाही तरी गाण्याची पुढची ओळ आठवू शकते. पणजी गाऊ लागली तर पोरांना सोबत गाऊ द्या.

वेळ मात्र सांभाळा. सकाळी जा. दिवस कलला की अशा माणसांची घालमेल वाढते. आपण नेमके सणाच्या गर्दीत, बोहाड्याच्या रात्री, संबळाच्या दणदणाटात पंधरा माणसं घेऊन पोचतो, आणि तिला त्या गोंगाटाचा अर्थच लागत नाही. सण उरकल्यावर निवांत जा, थोडेच जण जा, थोडाच वेळ बसा. पोराला सर्दीताप असेल तर ती भेट पुढे ढकला. पाया पड, जवळ जा, पापा दे, असा आग्रह धरू नका. पोर आपणहून सरकेल तेव्हा सरकेल. पणजी चिडली, "माझे पैसे चोरलेस" म्हणाली, तर तुम्ही मधे या, पोराला ओट्यावर न्या, वाद घालू नका. आणि पोरांना तिच्यावर लक्ष ठेवायला एकटं बसवून शेतावर जाऊ नका. ते काम मोठ्यांचं आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट मिळाला तर मोठ्या मुलांसोबत बघा. स्मृती गेलेले शास्त्रीबुवा हत्तीमागे चालत जातात आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. ते कोण, किती विद्वान, हे तिला ठाऊकही नसतं. भुकेलेलं, भांबावलेलं माणूस दिसतं, तेवढं तिला पुरतं.

आणि पणजोबा. तो शुद्धीवर आहे, चालताफिरता आहे, म्हणून त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. दिवाळीनंतर पोरंसुना वीटभट्टीवर गेली की घरात हे दोघंच उरतात. ऐंशीच्या घरातला माणूस तिला भरवतो, धुतो, रात्री दाराशी आडवा झोपतो, की ती उठून रानात जाऊ नये. भेटायला आलेले सगळे विचारतात, "आजी कशी आहे?" "तू कसा आहेस?" हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. तुम्ही आहात तोवर त्याला निजू द्या, किंवा जामसरच्या नाक्यावर चहा घेऊन येऊ द्या. पोरांना त्याच्याजवळ बसवा. त्याला सगळं आठवतंय, आणि ते ऐकायला घरात आता दुसरं कुणी नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत मदतवाहिनी आहे आणि मन खचलं तर १४४१६ वर बोलता येतं. हे आकडे मोठ्या अक्षरांत त्याच्या भिंतीवर लिहा, आणि त्याला वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराला दाखवून ठेवा.

निघताना त्याला विचारा, पुढच्या खेपेला काय आणू. आणि ते घेऊन खरंच जा.