पोफळीला नुसतं पाणी पुरत नाही

श्रीवर्धन

चि. सोमनाथ यास,

तुझं पत्र मिळालं. सिंदफणेकडच्या एकरात सुपारी लावायची, रोपांचा इसार महिनाअखेर द्यायचा आणि मामाने फक्त 'हो' म्हणायचं, असा एकंदर सूर दिसतो. मी नाही म्हणतोय. का, ते सांगतो. पुढं रान तुझं आहे.

"ठिबक केलं की कुठंही येतं" हे रोपवाल्याचं वाक्य तू दोनदा लिहिलंस. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मुळात दमट, दाट रानातलं. इथं वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हाही समुद्राची ओल हवेत असतेच. पोफळीला साधारण १४ ते ३६ अंशांतलं हवामान मानवतं. आपल्या बीडकडच्या शिरूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषातल्या पहाटे हात आखडतात. ठिबक मुळाशी पाणी देतं, पानांभोवतीच्या हवेचं काय करणार? नैऋत्येच्या उन्हानं पोफळीचं खोड भाजतं, मग चिरतं, आणि एक दिवस वाऱ्यात तिथूनच मोडतं. इतक्या दमट मुलखातसुद्धा बागेच्या त्या अंगाला उंच झाडांचा आडोसा करतात. तू आडोसा कशाचा करणार, बाभळीचा?

आता पाण्याचा हिशेब. पोफळी पावणेतीन मीटरवर लावल्या तर एकरात सव्वापाचशेच्या वर बसतात. उन्हाळ्यात ठिबकनं झाडाला रोजचं १६ ते २० लिटर पाणी धरतात, तेही किनाऱ्याच्या हवेत. म्हणजे रोज नऊ-दहा हजार लिटर, जवळपास एक टँकर. ज्या तालुक्यात बायाबापड्या टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात, तिथं तू झाडांना टँकरभर पाणी पाजणार. बरं, एखादं साल पाणी हुकलं तर मोसंबी छाटून सावरता येते. पोफळीला एकच शेंडा. तो मेला की झाड मेलं, बाजूनं फुटवा येत नाही.

तू दावणगेऱ्याचा दाखला दिलास. तिथल्या चन्नगिरीकडं सपाट मुलखात सुपारी वाढली, हे खरं आहे. पण तिथं भद्रेचा कालवा आहे, आणि कालव्याबाहेर ज्यांनी बोअरवेलच्या भरवशावर बागा केल्या, त्यांना दुष्काळात पाणी विकत आणावं लागलं. ते रोपवाला सांगत नाही.

फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ इथंच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांत सुपाऱ्या आडव्या झाल्या, आणि आजा-पणजापासून बाग करणाऱ्यांनाही पुन्हा रोपापासून सुरुवात करावी लागली. त्यांच्यापाशी निदान 'श्रीवर्धनी रोठा' हे नाव आहे, घेणारा व्यापारी आहे, पोफळीवर चढून शेंड्याला झोका देत पुढची पोफळ पकडणारा गडी आहे. असला गडी तुला कुठं मिळणार? माल वाळवायलाही महिना-सव्वा महिना कडक ऊन लागतं. तेवढं मात्र तुझ्याकडं भरपूर आहे.

एक गोष्ट जाता जाता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. पूजेची सुपारी कुणी बंद करणार नाही, पण वर्षानुवर्षं उभं राहणारं पीक लावताना गिऱ्हाईक कोण, हे बघायला नको?

मग लावायचं काय, असं तुझी आई विचारील. बालाघाटाच्या माळावर न लावता येतं ते सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे. एस.टी.नं सकाळी निघालास तर संध्याकाळी परत घरी. कलमं कुठली घ्यावीत, अंतर किती ठेवावं, ते तिथंच विचार. मी कोकणात राहून शिकवणार नाही. ताडाच्या कुळाचीच हौस असेल तर ओढ्याकाठची शिंदी आहे. कुणी पाणी घालत नाही, तरी उभी असते, आणि तिच्या पानांच्या केरसुण्या होतात.

इसार अजून दिला नसशील तर देऊ नकोस. सुपारी परत विकत घेण्याचा करार रोपवाला दाखवत असेल, तर त्याची झेरॉक्स मागून मला पाठव. आणि येत्या मे महिन्यात विहिरीत किती परस पाणी उरतं, मोटर सलग किती तास चालते, हे वहीत लिहून ठेव. पुढं कुठलंही पीक घेतलंस तरी ती वही लागेल.

दिवाळीला येताना दोन रोपं घेऊन येतो. न्हाणीमागं आंब्याच्या सावलीत लावू. तिथं सांडपाणी बारा महिने असतं. जगली तर ताईला पूजेला घरची सुपारी होईल.

तुझा,
मामा