सगळंच दातांवर ढकलू नकोस गं

अगं, फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं मला, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. साडेतीन महिन्यांचं लेकरू मूठच्या मूठ तोंडात कोंबून राहिलंय, झबलं लाळेनं चिंब, दूध पिता पिता मध्येच तोंड फिरवून किंचाळतंय. आणि घरात जो तो म्हणून राहिला, 'दात येऊन राहिले बापा, चालायचंच!' बस आधी माझ्यापाशी दोन मिनिटं. हे सगळं निभतं, आणि तुझ्याच हातून निभणार आहे.

खरं सांगू का, या वयातली लाळ बहुतेक वेळा दातांची नसतेच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ भरपूर सुटायला लागते आणि ती गिळायचं बाळाला अजून जमलेलं नसतं, म्हणून ओघळते. हातही त्याला आत्ता कुठे सापडलेत, ते चाखून बघणार नाही तर काय करणार! पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या पुढेमागे येतो, तोही खालचा, मधला. पण कुणाला चौथ्यातच फुटतो, कुणाचं बोळकं वर्षाचं होईपर्यंत तसंच असतं. दोन्ही ठीक आहे गं. शेजारणीच्या नातवाशी तुलना करू नकोस.

तुला बघायचंच असेल तर असं बघ. नखं बारीक काप, हात साबणानं स्वच्छ धू. बाळाला मांडीवर उजेडाकडे तोंड करून घे आणि तर्जनीचं पेर खालच्या हिरडीवर अलगद फिरव. दात जवळ आला असेल तर मधोमध हिरडी फुगीर लागते, कधी कातडीखाली पांढरट रेघ दिसते. आणखी जवळ आला असेल तर बोटाला करवतीसारखी बारीक धार जाणवते. काहीच लागलं नाही तर अजून वेळ आहे म्हणून समज.

आणि बोट तोंडात आहेच, तर ते काढू नकोस लगेच. यासारखा उपाय नाही बघ. हिरडी पेराने हळूहळू दाबत राहा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी ते तुझं बोट कचकन चावेल, मग जबडा सैल सोडेल, डोळे तुझ्याकडे लावून बसेल. मिनिट-दोन मिनिटं पुरतात, दिवसातून हवं तितक्यांदा कर.

दुसरा उपाय म्हणजे गार कपडा. जुन्या मऊ सुती धोतराचा, चांगला उकळून वाळवलेला तुकडा घे, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळ, नाहीतर आईच्या काढलेल्या दुधातच भिजव. झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये खाली ठेव, वर बर्फाच्या कप्प्यात नको. दगडासारखी गोठलेली वस्तू हिरडीला दुखवते. एक टोक तू धर, दुसरं त्याला चावू दे. चावायचं खेळणं विकत आणणार असशील तर अखंड रबराचं आण, आत पाणी भरलेलं नको, फुटतं ते. आणि एक पक्कं ध्यानात ठेव: सहा महिने पूर्ण होईपर्यंत गाजराचा तुकडा, संत्र्याची फोड, चमचाभर पाणी, काहीही नाही. नागपुरात संत्र्याचा मोह कुणाला आवरत नाही, मला माहीत आहे. आजोबा फोड सोलून उभेच असतील. त्यांना सांग, सहा महिन्यांनंतर पहिला घास तुमच्याच हातचा.

आता जरा कडक बोलते, राग मानू नकोस. टाकणखाराची लाही मधात खलून हिरडीला लाव, असं कुणीतरी तुला सांगेलच. प्रेमानंच सांगेल. पण टाकणखार तान्ह्याला विषारी आहे, आणि मधानं वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा भयंकर आजार होऊ शकतो. म्हणून हे दोन्ही नको, आणि घुटीत मध मिसळणंही नको. दुकानात हिरडी बधिर करायची मलमं मिळतात, त्यांनाही हात लावू नकोस. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 साली दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरू नका असं बजावलं. दातांसाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण भलतंच कमीजास्त निघालं, तेही त्यांनीच 2017 मध्ये तपासून सांगितलं. रडणारं पोर काहीतरी देऊन गप्प करायची ओढ जुनीच आहे गं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन जायच्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय? तुझ्या हातात आहे.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, मनगटातले काळे मणी, वाळ्यांची घुंगरं, सगळं एकदा ओढून बघ. सगळं तोंडात घालायच्या वयात सुटलेला मणी घशात अडकतो. दृष्टीची भीती वाटत असेल तर सासूबाईंना मीठमोहऱ्या ओवाळू दे, पण गळ्यात दोरा नको, झोपेत तर नकोच.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढी बडबड करून राहिले. दातांनी हिरडी शिवशिवते, लाळ येते, किरकिर वाढते, अंग किंचित कोमट लागतं, बस. 38 अंश, म्हणजे फॅरेनहाइटच्या 100.4 च्या वर ताप दातांनी येत नाही. पातळ शी, उलट्या दातांनी होत नाहीत. 'दाताचे जुलाब' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरत जाते आणि त्याच दिवसांत बाळ दिसेल ते तोंडात घालतं. जंतू पोटात जातात आणि नाव होतं दातांचं. दातांचेच आहेत म्हणून जुलाब अंगावर काढले तर बाळ सुकतं. तेव्हा दूध थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं, आशा सेविकेकडून ओआरएसची पुडी घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. ते 14 दिवस झिंक देतील, जुलाब थांबले तरी ते पूर्ण द्यायचं. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, तर सकाळची वाट बघू नकोस. धंतोलीतले तुझे डॉक्टर बंद असतील तर मेडिकल नाहीतर मेयो यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठ, तिथे रात्रीही बाळाला बघतात.

तापाचंही तसंच बघ. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, घरात औषध नाही. तुझ्या लेकराचा 14 आठवड्यांचा पेंटाव्हॅलंट लसीचा डोस आत्ताच झालाय ना? त्यानं एखाद-दोन दिवस ताप येतो, आणि घरचे म्हणतात दातांचा! पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलं तरच, आणि बाटली नीट वाच. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये 25 च्या आसपास. चौपट फरक आहे गं. सिरपचं माप थेंबांना लावलं तर चौपट औषध जाईल पोटात.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात 45 अंशांत कूलरसमोरही मानेच्या वळीत लाळ नि घाम साचतो, आणि हनुवटी लालेलाल होते. पुसू नकोस, मऊ कपड्यानं टिपून घे. लाळेरं ओलं झालं की बदल, झोपवताना काढूनच टाक. झोपेआधी हनुवटीला खोबरेल तेलाचा हलका हात लाव, पावडर मात्र नको, ती श्वासात जाते.

पुढे दात आले की कधीतरी पिता पिता चावेल. जीव कळवळतो अगदी! तेव्हा झटक्यानं ओढून काढू नकोस, बाळाला उलट छातीशी घट्ट घे, तोंड आपोआप उघडतं. नाहीतर ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकव. पोट भरत आलं की चावतात बहुतेक, म्हणून गिळणं मंदावलं की आधीच बाजूला घे.

आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आत्याबाई म्हणतील. काही नसतं गं तसं, क्रम मागेपुढे होतोच. मामाला हौसेनं झबलं घेऊन बोलव, आणि तो आला की लेकरू त्याच्या खांद्यावर दे. रात्रीचे दोन तास नवऱ्यानं घ्यायचे, हे आज जेवतानाच ठरवून टाक. दूध पाजणं सोडलं तर हिरडी चोळणं, कपडा गार करणं, कडेवर घेऊन फिरवणं त्यालाही येतं. तू आत जाऊन दार लोटून झोप. उद्या सकाळी 11 नंतर फोन कर मला, त्याआधी नको.