दूरच्या पक्ष्यासाठी भिंग कोणते?

मागच्या हिवाळ्यात जवळच्या एका शाळेतील निसर्गमंडळाची मुले आपल्या बाईंबरोबर माझ्याकडे आली. मंडळाजवळ एक मिररलेस कॅमेरा आहे. गावच्या तळ्यावरील पक्ष्यांची सचित्र नोंदवही करायची, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी टेलिफोटो झूम भिंग हवे होते. दुकानदाराने तीन भिंगे दाखवली होती :

(१) ७०-२०० मिमी, एफ/२.८
(२) ७०-३०० मिमी, एफ/४.५-६.३
(३) १००-४०० मिमी, एफ/४.५-५.६

दोन वर्षे रद्दी विकून जमवलेले पैसे दुसऱ्या भिंगाला पुरत होते. पहिले किंवा तिसरे घ्यायचे, तर आणखी एक वर्ष थांबणे भाग होते. "सर, यांतले चांगले कोणते?" मुलांनी विचारले. मी म्हटले, "कशासाठी चांगले, ते आधी ठरवू. उत्तर तुमच्या शाळेच्या पुस्तकातूनच निघेल."

प्रतिमा केवढी पडेल?

वस्तू खूप दूर असली, की बहिर्गोल भिंगाने तिची प्रतिमा जवळजवळ नाभीपाशीच पडते. समरूप त्रिकोण काढून पाहा. तुम्हाला असे सूत्र मिळेल :

प्रतिमेची लांबी ÷ नाभीय अंतर = वस्तूची लांबी ÷ वस्तूचे अंतर

तळ्यात रोवलेल्या एका खुंटावर छोटा खंड्या येऊन बसतो. चोचीपासून शेपटीपर्यंत तो सुमारे १७ सेंमी असतो. मुलांनी टेपने मोजून ठेवले होते, की माणूस १७ मीटरच्या आत आला म्हणजे तो उडून जातो. १७ सेंमी आणि १७ मीटर यांचे गुणोत्तर १/१००. म्हणून २००, ३०० आणि ४०० मिमी नाभीय अंतराला खंड्याची प्रतिमा अनुक्रमे २, ३ आणि ४ मिमी लांब पडेल.

ही प्रतिमा टिपणारा सेन्सर मुलांच्या कॅमेऱ्यात २३.५ मिमी रुंद आहे आणि तेवढ्या रुंदीत ६००० पिक्सेल आहेत. म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे २५५. तेव्हा पक्ष्याच्या लांबीत पहिल्या भिंगाने सुमारे ५१०, दुसऱ्याने ७६५ आणि तिसऱ्याने १०२० पिक्सेल येतील. पिसांवरचे ठिपके ओळखायचे, तर हाच आकडा महत्त्वाचा.

दुकानदाराने मुलांना सांगितले होते, की या कॅमेऱ्यावर ३०० चे ४५० मिमी होतात. ते शब्दशः घेऊ नका. नाभीय अंतर हा भिंगाचा गुण आहे. सेन्सर बदलल्याने तो बदलत नाही. ३६ मिमी रुंदीच्या मोठ्या सेन्सरपेक्षा हा लहान असल्यामुळे दृश्याचा मधलाच भाग टिपला जातो, एवढेच. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचे झाड मोठे होत नाही.

प्रकाश किती मिळेल?

एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास. झूम भिंगावर दोन एफ-अंक असले, तर दुसरा लांब टोकाचा समजावा. आता व्यास काढू.

२०० ÷ २.८ = ७१ मिमी
३०० ÷ ६.३ = ४८ मिमी
४०० ÷ ५.६ = ७१ मिमी

पहिल्याचे आणि तिसऱ्याचे तोंड सारखेच निघाले! पावसात ठेवलेल्या पातेल्यात किती पाणी साठेल, हे त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरते. तसेच येथेही. ही दोन्ही भिंगे खंड्याकडून सारख्याच वेळात सारखाच प्रकाश गोळा करतात. तिसरे तो चौपट क्षेत्रफळावर पसरवते. म्हणून पहिल्याला सेकंदाचा १/२००० भाग पुरत असेल, तर तिसऱ्याला तितक्याच उजळ चित्रासाठी १/५०० सेकंद लागेल. दुसरे भिंग तिसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश गोळा करते.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून कबड्डीची चित्रे घ्यायची असती, तर मी पहिलेच सुचवले असते. तेथे खेळाडू जवळ असतात, उजेड कमी असतो आणि हालचाल झपाट्याची असते. तळ्यावर सकाळी उजेड पुरेसा असतो. कमी पडते ते अंतर.

आणखी तीन गोष्टी

नाभीय अंतर वाढले, की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील कंपरोधक योजना तो कंप कमी करते. पण पक्ष्याची हालचाल ती थांबवू शकत नाही. त्यासाठी झडप लवकर मिटायला हवी.

कॅमेऱ्यातला आरसा गेल्याने भिंगाची बैठक सेन्सरच्या जवळ आली. निकॉनच्या जुन्या एफ बैठकीत हे अंतर ४६.५ मिमी होते, नव्या झेड बैठकीत ते १६ मिमी आहे. तरीही लांब भिंग फारसे हलके झाले नाही, कारण ७१ मिमीचे तोंड हवे असेल, तर पुढची काच तेवढी मोठी ठेवावीच लागते. म्हणून भिंग घेण्यापूर्वी हातात धरून पाहावे.

तिसरी गोष्ट हवेची. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि प्रतिमा पुसट होते. महागात महाग भिंगही त्यावर उपाय नाही. सकाळी लवकर जावे.

मुलांनी काय ठरवले?

एकाने हिशेब मांडला, "दुसरे भिंग घेऊन १७ ऐवजी पावणेतेरा मीटरवर गेलो, तर प्रतिमा ४ मिमीच पडेल." हिशेब बरोबर होता. पण सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, खंड्या उडून जाईल. त्याची मासळी आपल्यामुळे का जावी?" अंतर पक्ष्याने ठरवले आहे, ते आपल्याला बदलता येत नाही, हे सर्वांना पटले. मुलांनी एक वर्ष थांबून तिसरे भिंग घ्यायचे ठरवले. तोवर दुर्बीण आणि वही आहेच.

करून पाहा

एक हातभिंग घेऊन खिडकीची प्रतिमा समोरच्या भिंतीवरील कागदावर पाडा. खिडकीची उंची, तिचे भिंगापासूनचे अंतर आणि प्रतिमेची उंची मोजून वरील सूत्र पडताळा. मग भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका. खिडकी अर्धी दिसते, की पूर्ण पण अंधूक? का?

शेवटी एक उदाहरण. भिगवणजवळ उजनी जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. १.२ मीटर उंचीचा रोहित ६० मीटरवर उभा आहे. ४०० मिमी नाभीय अंतराला त्याची प्रतिमा किती उंच पडेल? उत्तर ८ मिमी येते का, ते पाहा.