प्रोब हवेतच मोडतो

पोरी, पुण्याला पाषाणच्या आयसरमध्ये निघालीस आणि लवकरच मेंदूतल्या पेशींचे संकेत टिपणारा प्रोब हातात येणार म्हणतेस, तर चार गोष्टी मामाकडून ऐकून जा. प्रोब मेंदूत शिरताना मोडतो, अशी नव्या मुलांची समजूत असते. माझं मत उलटं आहे. तो बहुतेक वेळा बाहेर, हवेतच मोडतो: डबी उघडताना, होल्डरला लावताना, नाहीतर मागून कुणी हाक मारली म्हणून वळताना.

न्यूरोपिक्सेल्स या सिलिकॉनच्या प्रोबांमधला पहिलाच घे. 2017 साली तो जगापुढे आला. त्याची दांडी 10 मिलिमीटर लांब, 70 मायक्रॉन रुंद, आणि जाडी जेमतेम 24 मायक्रॉन. तेवढ्या जागेत 960 इलेक्ट्रोड बसवलेत. सिलिकॉन थोडंफार लवतं, म्हणून माणूस गाफील राहतो. पण बाजूने धक्का बसला की कटकन तुटतं. दांडीला बोट नको, चिमटा नको, टिशूही नको. धरायचं ते मागच्या पट्टीला. ओढणी कमरेला खोच, बांगड्या काढून ठेव, पंखा बंद कर.

थंडीत आणखी एक जपायचं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला स्वेटर काढताना कशा चटचट ठिणग्या उडतात, तुला माहीतच आहे. पुण्याची कोरडी हवाही तशीच. त्या ठिणगीने आतलं सर्किट जातं, आणि गेलेला प्रोब दिसायला मात्र धडधाकट असतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय डबी उघडायचीच नाही.

ग्राउंड आणि रेफरन्सची तार सोल्डर करायची ती प्रोब पक्का धरून, दांडीचं टोक तुझ्या हाताच्या विरुद्ध दिशेला ठेवून. रिबन केबलला घडी पडू देऊ नकोस. होल्डरमध्ये बसवलास की मायक्रोस्कोपखाली समोरून बघ, मग बाजूनेही बघ. प्रोब खाली-वर सरकवणाऱ्या मॅनिप्युलेटरच्या चालीला दांडी अगदी समांतर हवी. किंचित तिरकी राहिली तरी खाली उतरताना ती मेंदू चिरत जाते आणि स्वतः वाकते. ही जुळणी जमेपर्यंत पुढे जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. आणि जागा बदलायची झाली, तर आधी वर घे, मगच आडवं सरकव.

उतरवताना सेकंदाला दोन मायक्रॉनचा वेग पुरे. एक मिलिमीटरला आठ मिनिटं लागतील, लागू देत. टोक टेकून दांडी कमानीसारखी वाकायला लागली, तर दाबू नकोस. मागे घे. बहुधा मेंदूवरचं आवरण नीट उघडलेलं नसतं. रक्तवाहिनी टाळ, पृष्ठभाग सलाइनने ओला ठेव. आत गेल्यावर निदान पंधरा मिनिटं थांब, पेशींना स्थिरावू दे.

बाहेर काढलास की रक्त वाळू द्यायचं नाही. लगेच डिस्टिल्ड वॉटरमध्ये, मग टर्गाझाइम या एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या द्रावणात, पुन्हा डिस्टिल्ड वॉटरमध्ये. पुसायचं मात्र कधीच नाही. एवढं सांभाळलंस तर तोच प्रोब पुन्हा वापरता येतो.

आधी निकामी प्रोब मागून घे आणि आगरच्या मऊ जेलमध्ये हात बसव. खऱ्या प्रयोगाची तयारी आदल्या संध्याकाळीच आटप. उंदीर भुलीखाली पडलेला असताना तू स्क्रू शोधत बसलीस, असं होऊ देऊ नकोस.