रेखणारा हात आणि बांधणारा हात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या घरावर मजला चढविण्याचे काम निघाले. नकाशा तालुक्याच्या गावी एका कार्यालयात तयार झाला आणि बांधकाम गावातल्याच मिस्त्रींना उक्ते दिले. जिना पुरा झाला आणि पहिल्यांदा वर चढताना वडिलांचे डोके वरच्या बीमला आपटले. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, नकाशात होतं तसंच बांधलंय. मला तेव्हाच शंका आली होती, पण कागद मोडायचा कसा?" नकाशा काढणाऱ्या गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, "जुन्या घराची जी उंची मला सांगितली ती धरून मी काढलं. जागेवर कुणी काय केलं ते मला कसं कळणार?" दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. वरच्या सहा पायऱ्या फोडून जिना वळवावा लागला. खर्च अर्थातच आमचा.

या प्रसंगानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने विटा-सिमेंटच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. परंतु आखणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा ही विभागणी मुळात विचारांच्या इतिहासातली आहे, विटा-सिमेंट नंतरचे.

आपल्याकडचे जुने शब्दच पाहा. नाटकातला 'सूत्रधार' आपल्याला ठाऊक आहे. हाच शब्द शिल्पशास्त्रात हाती सूत म्हणजे मोजणीची दोरी धरणाऱ्या कारागिराला लावला जाई, आणि आपला 'सुतार' हा शब्द त्याच 'सूत्रधारा'पासून आलेला आहे. 'मयमत' या ग्रंथात बांधकाम करणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. स्थपती योजना करतो, सूत्रग्राही मोजतो व आखतो, तक्षक तासतो आणि वर्धकी जोडतो. यातला सूत्रग्राही हा स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य असावा असे तेथे म्हटले आहे. म्हणजे श्रमविभागणी होती, पण ती एका घरातली, एका पंगतीतली होती. दगड तासणाऱ्याला काही खटकले, तर ते योजना करणाऱ्याच्या कानावर त्याच दिवशी जात असणार. (या व्यवस्थेला जातीची कडक चौकट होती हे विसरून तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही.)

युरोपातही मध्ययुगात प्रमुख गवंडीच इमारतीचा योजक असे. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरील प्रचंड घुमट १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने उभा केला, तेव्हा घुमटाची रचना, विटा लावण्याची पद्धत आणि ओझी वर चढविण्याची बैलांनी चालणारी यंत्रे हे सर्व त्याच्याच डोक्यातून निघाले होते. परंतु त्याच शतकात आल्बेर्ती या विद्वानाने स्थापत्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. तो १४८५ मध्ये छापला गेला. वास्तुशिल्पी बुद्धीने आणि रेखाटनाने काम करतो, सुताराचा हात हे केवळ त्याचे साधन होय, असे मत त्यात मांडलेले आहे. या विचाराने वास्तुशिल्पीला प्रतिष्ठा मिळवून दिली, यात शंका नाही. पण हाताला डोके नसते हा समजही त्याच्याच बरोबर आला.

पुढे कंत्राटाच्या पद्धतीने ही फारकत कायम केली. आज सर्वसाधारण रीत अशी : मालक प्रथम वास्तुशिल्पीकडून नकाशे करून घेतो, त्यांवरून निविदा मागवितो, आणि ज्याची रक्कम सर्वांत कमी त्याला काम देतो. यात चढाओढ होते आणि मालकाला वाजवी भाव मिळतो, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. परंतु बांधणारा मनुष्य या गोष्टीत प्रवेश करतो तो शेवटच्या अंकात. नकाशावर सही-शिक्का झालेला असतो. आता त्याला काही चूक दिसली तर ती सांगण्यात त्याचा फायदा नसतो. उलट गप्प राहून पुढे तीच चूक 'जादा बाब' म्हणून बिलात लावण्यात असतो.

या फारकतीची किंमत किती होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील सिडनीचे ऑपेरा हाऊस. समुद्राच्या काठी पांढरी शिडे उभारल्यासारखी दिसणारी ही इमारत चित्रातून तरी सर्वांनी पाहिली असेल. १९५७ साली जागतिक स्पर्धेत २३३ आराखड्यांतून यॉर्न उट्झन या डॅनिश वास्तुशिल्पीचा आराखडा निवडला गेला. अंदाज होता सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा आणि मुदत होती जानेवारी १९६३ ची. प्रत्यक्षात इमारतीचे उद्‌घाटन झाले २० ऑक्टोबर १९७३ रोजी, आणि खर्च आला १० कोटी २० लाख डॉलर!

असे का झाले? स्पर्धेत निवडलेली ती शिडे कागदावर मुक्त हाताने काढलेली होती. ती कोणत्या भूमितीने उभी राहणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही सरकारला घाई होती. लोकांचे मत फिरेल, पैसा आटेल ही भीती होती. म्हणून मार्च १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू करण्यात आले. छपराचे वजन किती व ते कोठे येणार हे ठरले नसताना खालचे खांब उभे राहू लागले! कंत्राटदाराच्या हाती पुरते नकाशे नव्हते आणि जे होते ते बदलत होते. जानेवारी १९६१ पर्यंत काम ४७ आठवडे मागे पडले होते. पुढे छपराची रचना ठरली तेव्हा खालचे काही खांब ते वजन पेलणार नाहीत असे आढळले, आणि ते पुन्हा बांधावे लागले. आमच्या सहा पायऱ्यांची गोष्ट, फक्त कितीतरी पट मोठी.

परंतु या कथेचा मधला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. १९६१ मध्ये उट्झनला असा मार्ग सुचला, की सर्व शिडे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यावीत. त्या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर. वक्रता सर्वत्र सारखी झाल्यामुळे वेगवेगळ्या शिडांचे भाग एकाच प्रकारच्या साच्यांत ओतता येऊ लागले. म्हणजे सौंदर्याचा प्रश्न आणि साच्याचा प्रश्न एकाच उत्तराने सुटला. छपराच्या या दुसऱ्या टप्प्यासाठी कंत्राटदार निवडताना नेहमीप्रमाणे सर्वांत कमी रकमेची निविदा घेतली नाही. हॉर्निब्रुक या कंपनीशी वाटाघाटी करून तिला खर्च अधिक मोबदला या तत्त्वावर काम दिले, आणि तिचे लोक अभियंते व वास्तुशिल्पी यांच्या बरोबर बसून काम करू लागले. जागेवरच कारखाना उभारून काँक्रीटचे २,१९४ भाग ओतले गेले. ते हवेत धरून ठेवण्यासाठी खालून लाकडी परांचींचे जंगल उभे करावे लागले असते. त्याऐवजी लांबी कमी-जास्त करता येणारी पोलादी कमान बांधणाऱ्यांच्याच अभियंत्यांनी योजली. जे सहा वर्षे कागदावर उभे राहत नव्हते ते अशा रीतीने आकाशात उभे राहिले. एकत्र काम करण्याचा फायदा तो हाच. बांधणाऱ्याचे ज्ञान पेन्सिल अजून हातात असतानाच कागदावर उतरते, आणि तेव्हा रेघ पुसण्याला काही खर्च येत नाही.

तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे आतील सभागृहांच्या वेळी, पुन्हा गाडी रुळावरून घसरली. नवे सरकार आले, पैशावरून आणि नमुन्यांवरून मंत्र्यांशी खटके उडाले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये उट्झनने काम सोडले. २००८ साली त्याचे निधन झाले. आपली पूर्ण झालेली इमारत त्याने डोळ्यांनी कधीच पाहिली नाही.

सिडनीत पैसा आणि वेळ गेला. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे माणसे गेली. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या दिवाणखान्यात हवेत टांगलेले पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल वर आणि नेमका त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ नकाशात छतापासून निघालेला एकच अखंड लोखंडी गज दोन्ही पुलांना धरून होता. पोलादाचे काम करणाऱ्या कारखान्याला यात अडचण दिसली. मधल्या पुलाखाली नट बसवायचा, तर गजाला खालपासून तेथपर्यंत आटे पाडावे लागणार, आणि उचलताना-बसविताना ते खराब होणार. म्हणून एका गजाचे दोन करण्यात आले. वरचा गज छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, आणि दुसरा त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

फरक क्षुल्लक वाटतो. पण समजा, एका दोरीला दोन माणसे एकाखाली एक लोंबकळत आहेत. दोघांनीही दोरी धरली असेल तर प्रत्येकाच्या हातावर स्वतःचेच वजन. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, की वरच्याच्या हातांवर दोघांचे वजन! येथे नेमके तेच झाले. १७ जुलै १९८१ रोजी संध्याकाळी, खाली नाच चालू असताना, दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत असे दिसले, की मूळची जोडणीसुद्धा नियमाला पुरेशी नव्हती. बदलाने तिच्यावरचा भार दुप्पट केला. बदललेल्या नकाशावर अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्का होता, पण त्या सांध्याचे गणित कोणीच केले नव्हते. कारखान्याला वाटले ते अभियंत्यांनी पाहिले, अभियंत्यांना वाटले ते कारखाना पाहील. लक्षात घ्यावे, की कारखान्याची हरकत रास्त होती. ती फक्त फार उशिरा आली. सांधा प्रथम रेखला गेला त्या टेबलाशी तो जोडणारा मनुष्य बसलेला असता, तर दोन गजांचाच विचार आरंभापासून झाला असता आणि गणितही त्यांचेच झाले असते.

मग आखणी आणि बांधणी एकाच मंडळीच्या हाती द्यावी काय? पाश्चात्त्य देशांत अशी कंत्राटे बरीच रूढ झाली आहेत, आणि आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्गांची कित्येक कामे याच पद्धतीने दिली जातात. मालकाला एकाच ठिकाणी जाब विचारता येतो, हे त्यांचे मोठे आकर्षण. पण सोय म्हणजे सुरक्षितता नव्हे. जुन्या पद्धतीत वास्तुशिल्पी हा मालकाच्या बाजूने कंत्राटदाराच्या कामावर नजर ठेवतो. दोघे एकाच थाळीत जेवू लागले, की सिमेंटची गोणी कमी पडली हे कोण सांगणार? माझ्या मते आखणारा व बांधणारा एक असावा, पण तपासणारा मात्र तिसरा आणि मालकाचाच असावा.

यात पैशापेक्षा माणसाचा स्वभाव अधिक मोलाचा आहे, हे लॉरी बेकर यांच्याकडे पाहून कळते. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे वास्तुशिल्पी मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत मुंबईस थांबले असता गांधीजींना भेटले, आणि पुढे भारतीयच झाले. तिरुवनंतपुरम येथे त्यांनी कंत्राटदाराला फाटा दिला. स्वतः शिकवून तयार केलेल्या गवंड्यांबरोबर ते जागेवर उभे राहत आणि वापरलेल्या कागदांच्या पाठीवर आकृत्या काढून तेथल्या तेथे रचना ठरवीत. वाटेत झाड आले तर भिंत वळे. विटा उभ्या कडेवर लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रीत त्यांनी रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उन्हाने कमी तापते. पण अशी भिंत गवंड्याने समजून घेऊनच लावावी लागते. नुसता नकाशा हाती देऊन ती होत नाही. १९७० नंतर उभा राहिलेला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर याची साक्ष आहे. बेकर २००७ साली वारले.

आमच्याकडे यंदा गच्चीच्या जिन्याचे काम आहे. वडिलांनी मिस्त्री आणि नकाशावाले गृहस्थ या दोघांना एकाच दिवशी अंगणात बोलावले, आणि स्लॅबच्या आधी सळई तपासायला शेजारच्या गावच्या एका निवृत्त ओव्हरसियरना सांगून ठेवले आहे. कागद पसरण्यापूर्वीच मिस्त्रींनी टेप काढली आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही जरा इथं ताठ उभे राहा बघू."